कामाची आवड आणि कामाचे वेड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी या वर्षी बोलण्याची पाळी माझ्यावर आणली. मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण जे घरात रोज पाहिले, त्यावर चार शब्द बोलता येतील असे वाटले. माझी भाची मानसशास्त्र शिकते. गेले दोन महिने मी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडले आणि तिने वाचून दाखविले ते वहीत टिपून ठेविले. तेव्हा आजच्या बोलण्यात पुस्तकातले जे आहे ते तिचे, आणि चुलीपाशी कळले ते माझे.

विषय आहे कामाचे वेड. तुम्ही म्हणाल, कामाचे वेड हे काय वाईट आहे? वेड नसलेले, ओट्यावर बसून गप्पा मारणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यावर बोला. खरे आहे. आपल्याकडे कामाला फार मान. 'कामात राम' असे आपण म्हणतो. रिकाम्या न्हाव्याला भिंतीला तुंबड्या लावायला लावतो. पंडित नेहरूंनी 'आराम हराम है' असे साऱ्या देशाला सांगितले. आणि ते योग्यच होते, कारण कष्टावाचून घर उभे राहत नाही, तसा देशही उभा राहत नाही. कष्टाची निंदा करायला मी येथे उभी नाही. मला एवढेच सांगायचे आहे की कामाची आवड वेगळी आणि कामाचे वेड वेगळे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो घरच्या माणसांना.

या वेडाला इंग्रजीत एक नाव आहे, 'वर्कहोलिक'. ते अमेरिकेतल्या वेन ओट्स नावाच्या धर्मोपदेशकाने रूढ केले. १९७१ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. दारूच्या व्यसनी माणसाला जो इंग्रजी शब्द आहे, त्याच्यावरून त्यांनी तो बेतला. हे गृहस्थ व्यसनी लोकांना समजुतीच्या गोष्टी सांगत, आणि सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आले की आपली गतही तीच आहे, फक्त बाटलीच्या जागी काम आहे. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाने वडिलांना भेटण्यासाठी त्यांच्या ऑफिसात वेळ मागितली होती म्हणतात. ऐकून हसू येते, पण मग पोटात कालवते.

या व्यसनाची एक गोष्ट मोठी विचित्र आहे. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याची बायको चार बायकांत मान खाली घालते. तिला सगळे कीव करून विचारतात. पण कामाचे व्यसन लागलेल्या माणसाला शाल आणि श्रीफळ मिळते. त्याच्या बायकोने तक्रार केली तर लोक म्हणतात, "अगं, नशीबवान आहेस. सुपारीच्या खांडाचे व्यसन नाही नवऱ्याला." मग ती गप्प बसते. मीही पुष्कळदा हे ऐकले आहे, म्हणून सांगते.

आता ओळखायचे कसे? तासांवरून नाही. आपल्या गल्लीत एक बाई पहाटे पाचला उठून पाच घरची धुणीभांडी करतात, दुपारी खानावळीत पोळ्या लाटतात. त्या बारा तास राबतात. त्यांना वेड आहे का? मुळीच नाही. हातावर पोट आहे. उद्या कोणी त्यांना घरबसल्या पगार दिला तर त्या आनंदाने पाय पसरून झोपतील. हे वेड नव्हे, गरज आहे. अशा बाईला 'जरा आराम करा' असे शिकविणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे.

दुसरा एक कुंभार घ्या. गणपती जवळ आले की त्याला रात्र अपुरी पडते. पण मूर्तीचे डोळे रेखताना त्याचा चेहरा पाहावा! जेवायला हाक मारली की तो येतो, जेवतो, नातवाशी खेळतो आणि पुन्हा उत्साहाने बसतो. ही आवड. काम त्याला ओढून नेते.

आणि तिसरा माणूस असा, की ज्याला काम ओढत नाही, आतून कोणी तरी ढकलत असते. काम करताना तो सुखी नसतो आणि थांबला तर जास्तच दुःखी होतो. हॉलंडमधले शॉफेली नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी यांनी याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यांच्या मते वेडाच्या खुणा दोन. एक, गरजेपेक्षा फार जास्त काम करणे. दुसरी, मनाच्या सक्तीने करणे, म्हणजे न केल्यास चैन न पडणे. दोन्ही एकत्र आल्या म्हणजे समजावे की आवडीचे वेड झाले.

नॉर्वे देशातल्या संशोधकांनी २०१२ साली सात प्रश्नांची एक कसोटी तयार केली. भाचीने ती मला समजावून दिली, ती मी माझ्या भाषेत सांगते. कामाला आणखी वेळ कसा काढता येईल याचाच विचार मनात असतो का? ठरविले त्याहून जास्त वेळ काम होते का? मनातली टोचणी, काळजी, उदासी घालविण्यासाठी काम हाती घेतले जाते का? 'कमी करा' असे लोकांनी सांगूनही ऐकले जात नाही का? काम करू दिले नाही तर जीव कासावीस होतो का? छंद, विरंगुळा, व्यायाम हे सारे कामापायी मागे पडते का? आणि कामाने प्रकृतीवर परिणाम झाला आहे का? या सातांपैकी निदान चार प्रश्नांना 'नेहमी' किंवा 'बहुतेक वेळा' असे उत्तर आले, तर वेळीच सावध व्हावे. घरी गेल्यावर हे प्रश्न आपल्या माणसांना नव्हे, आधी स्वतःला विचारून पाहा.

आता आमच्या घरचे सांगते. सांगू की नको याचा विचार केला. यांना विचारले. म्हणाले, "सांग, कोणाला उपयोग झाला तर होऊ दे." म्हणून सांगते.

आमचे हे कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ चालवितात. वयाच्या पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारायला लागले, तेथेच मशीन शिकले आणि २००९ साली कर्ज काढून स्वतःचे लेथ घातले. आज तीन मशीन आहेत. पंपाचे, इंजिनाचे जॉब येतात. हात असा की मापात केसाचा फरक पडू देणार नाहीत. मला त्यांचा अभिमान आहे. हे सारे वैभव त्यांच्या घामाचे आहे.

पण घरी यायचे ते रात्री दहाला. जेवताना लक्ष नाही. ताटात भाकरी मोडता मोडता बोटाने पाटावर जॉबची आकृती काढायचे. सणाला, लग्नाला गेले तर तासाभरात चुळबुळ. थोरल्या नणंदबाईंच्या मुलाच्या लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच हे मोटारसायकलला किक मारून गेले. नणंदबाईंना ते अजून विसरता आलेले नाही. मुलगी कितवीत आहे हे त्यांना दोनदा विचारून घ्यावे लागले होते. माया नव्हती असे नाही. मुलीच्या फीचा पैसा कधी एक दिवस उशिरा गेला नाही. पण मुलीला फीबरोबर बापही हवा असतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वर्कशॉपला कुलूप लागले. तेव्हा मला हे दुखणे खरे कळले. सगळ्यांनाच पैशाची काळजी होती, आम्हालाही होती. पण यांचे तेवढ्यावर भागत नव्हते. पहाटे पाचला उठून आंघोळ करून, कामाचे कपडे घालून खुर्चीवर बसायचे. घरातला मिक्सर चांगला चालत असताना उघडला. पंखे उतरविले. शेजारच्या काकूंचे शिवणयंत्र न मागता दुरुस्त करून दिले. ते संपले तेव्हा डोके दुखू लागले, झोप उडाली, मुलांवर खेकसणे सुरू झाले. एका रात्री म्हणाले, "मी असा बसून राहिलो तर मी कोण आहे हेच मला कळत नाही."

भगिनींनो, त्या एका वाक्यात सगळे मानसशास्त्र आहे असे मला वाटते. भाचीने सांगितले की फेरेंझी नावाच्या हंगेरीतल्या डॉक्टरांनी १९१९ सालीच 'रविवारचे दुखणे' म्हणून लिहून ठेविले आहे. आठवडाभर ठणठणीत असणारी काही माणसे सुटीच्या दिवशी डोकेदुखीने, पोटदुखीने, उदासीने आजारी पडत. कामाचा आवाज थांबला की मनातला आवाज ऐकू येऊ लागतो, आणि तो ऐकवत नाही.

असे का होते? कारणे माणसागणिक निराळी. कोणाला लहानपणी पहिला नंबर आला तरच जवळ घेतले गेले. त्याच्या मनाने गाठ बांधली की काही करून दाखविले तरच मी प्रेमाला पात्र. कोणाला सगळे बिनचूक हवे असते आणि दुसऱ्याच्या हातावर भरवसा नसतो. कोणाच्या घरात भांडण किंवा दुःख असते, त्याला कामाची जागा म्हणजे लपायची जागा होते. आणि कोणी गरिबी अशी पाहिलेली असते की पोट भरले तरी भूक मागे लागलेलीच असते. यांचे वडील आजारपणाने घरी बसले तेव्हा हे आठवीत होते. घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. तो मुलगा अजून त्यांच्या आत पळतो आहे. हे कळल्यावर माझा राग निम्मा ओसरला.

आता आपल्याला समजेल असा एक दाखला देते. आपण मंडळात भिशी चालवितो. शहाणी बाई सगळा पैसा एकाच भिशीत घालीत नाही. थोडा पोस्टात, थोडा बँकेत, थोडा डब्यात ठेवते. एक बुडाली तर दुसरी तारते. माणसाच्या जीवाचेही तसेच आहे. थोडा जीव कामात, थोडा मुलांत, थोडा मित्रांत, थोडा भजनात, थोडा एखाद्या छंदात असावा. ज्याने सगळा जीव एकट्या कामात घातला, त्याचे काम गेले, मशीन बंद पडले, निवृत्ती आली की सारी पुंजीच बुडते. निवृत्त झाल्यावर वर्षात खचलेली माणसे आपण प्रत्येकीने पाहिली आहेत.

शरीराचेही ऐका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक हिशेब प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा मेंदूच्या झटक्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. एकट्या २०१६ सालात अशा लांब तासांपायी जगात सुमारे ७,४५,००० माणसे गेली. यांतले बहुतेक वेडापायी नव्हे, गरजेपायी राबत असतील. पण हृदयाला कारण कळत नाही, त्याला फक्त तास कळतात. जपानी भाषेत तर 'करोशी' असा शब्दच आहे, म्हणजे अतिकामाने आलेले मरण. ते टाळण्यासाठी तेथे २०१४ साली कायदा करावा लागला.

आणि एवढे करून काम तरी जास्त होते का? पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने राबत होत्या. त्यांच्या नोंदी जॉन पेन्कॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांनी पुन्हा तपासल्या. आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत तास वाढले तसा मालही वाढला. पुढे वाढ मंदावली. ७० तास राबणाऱ्यांचा माल ५६ तास काम करणाऱ्यांपेक्षा फारसा जास्त निघाला नाही. म्हणजे वरचे चौदा तास जवळजवळ पाण्यात. हे मी यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्री नऊनंतरचेच जॉब रिजेक्ट होतात, हे खरे."

सुटीचा दिवस हा आळशांनी काढला नाही, हेही ध्यानात ठेवू या. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कामगारांना एकत्र आणले, सभा भरविल्या, आणि १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. कष्ट म्हणजे काय हे ज्यांना पुरते ठाऊक होते, त्यांनीच झगडून हा दिवस मिळविला.

आता आपल्याकडे वळते, कारण पुरुषांना नावे ठेवून टाळ्या घेणे सोपे आहे. सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, म्हणजे पावणेपाच तासांहून अधिक घालवितात. जे पुरुष असे काम करतात ते ८८ मिनिटे. आपल्या कामाला भोंगा नाही, रविवार नाही, निवृत्ती नाही. याला वेड म्हणू नये. ते आपल्यावर पडलेले आहे आणि ते घरातल्या सर्वांनी वाटून घेतले पाहिजे, हे मी ठासून सांगते.

तरीही आपल्यातल्या काहीजणींना ती आतली ढकल आहेच. सूनबाईने घासलेली भांडी पुन्हा घासायची. पाहुणे 'बसा हो' म्हणत असताना ओटा पुसत उभे राहायचे. तापात उठून पुरणाचा घाट घालायचा आणि मग 'माझ्यावाचून या घराचे पान हलत नाही' असे म्हणायचे. त्या म्हणण्यात थोडी तक्रार असते आणि बराच अभिमान असतो. पान हलत नाही, कारण आपण कोणाला हलवू देत नाही. मुलाला चहा करता येत नसेल तर ते आपले यश नव्हे. आणि उद्या सून आली, स्वयंपाक तिच्याकडे गेला, की 'आता मी कोण?' हा प्रश्न आपल्यालाही पडणार आहे. तो आजच सोडवून ठेवावा.

उपाय काय? मी वैद्य नाही. आमच्या घरी जे थोडे साधले ते सांगते. २०२२ साली यांचा रक्तदाब फार वाढला आणि डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत ताकीद दिली. तेव्हा आम्ही चौघे एकत्र बसलो. टोमणे मारायचे नाहीत असे आधी ठरविले, कारण टोमण्याने माणूस आणखी वर्कशॉपकडे पळतो. 'काम सोडा' असे कोणी म्हटले नाही. मागितले फक्त तीन गोष्टींचे. रात्री आठला शटर खाली. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. आणि आठवड्यातला एक दिवस किल्ल्या मुलाच्या हाती. मुलगा आयटीआय झालेला आहे, त्याचाही हात बसायला हवा.

पहिल्या महिन्यात किल्ल्या दिल्या खऱ्या, पण यांनी मुलाला दिवसातून दहादा फोन केले. एक जॉब मुलाच्या हातून बिघडला. घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी यांनीच त्याला मशीनपाशी उभे करून चूक कुठे झाली ते दाखविले. रागावले नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघे रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागलो. पहिले काही दिवस हे पाण्याकडे न पाहता कारंज्याच्या पंपाला किती अश्वशक्ती असेल ते मला सांगत. मी ऐकून घेतले. हळूहळू माणसांकडे पाहू लागले. तालमीतले जुने सोबती भेटले. आता मुलगी गणित अडले की त्यांच्यापाशी जाते, आणि मापाचे गणित ते मास्तरांहून सोपे करून सांगतात. रक्तदाब गोळीने आणि नियमाने आटोक्यात आहे. सगळे ठीक झाले असे मी म्हणणार नाही. हंगामात काम आले की आठाचे दहा होतात, मान खाली घालून घरी येतात. पण आता त्यांना ते कळते, आणि कळणे ही निम्मी वाट आहे.

ज्यांच्या घरी दुखणे याहून पुढे गेले असेल, झोप नाही, छातीत धडधड, सतत उदासी, 'जगून काय करू' असे बोलणे, त्यांनी शेजाऱ्यांच्या सल्ल्यावर विसंबू नये. छातीची तक्रार असेल तर लगेच डॉक्टर गाठावा. मनाची तक्रार असेल तर मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा मानू नये. सरकारची 'टेलिमानस' नावाची मोफत फोनसेवा आहे, तिचा नंबर १४४१६. तेथे मराठीतून बोलता येते.

शेवटी एक सूचना मांडते. आपले मंडळ पापड करते, मसाले करते, शिवणवर्ग चालविते. हे सारे उत्तम आहे. पण महिन्यातून एक दुपार अशी ठेवावी की जिच्यात विकायचे, शिकायचे, शिजवायचे काही नाही. नुसते बसायचे, गाणी म्हणायची, सागरगोटे खेळायचे. त्या दुपारी घरचा चहा घरच्यांनी करून घ्यावा. सुरुवातीला हात शिवशिवतील, शिवशिवू द्यावेत. काम हे आपल्या संसाराचे चाक आहे. चाक फिरलेच पाहिजे. पण गाडीत बसायला माणसे उरली नाहीत, तर ते फिरून कोठे जायचे?